गज की तलवार? एका जुन्या लोखंडी पट्टीची पारख

व्यापारी बंधूंनो, कापडाच्या दुकानात कापडाखेरीज दुसऱ्याही वस्तू येतात, हे तुम्हाला सांगायला नको. कोणी लग्नाची पत्रिका घेऊन येतो, कोणी दाखल्यावर सही मागायला येतो, कोणी आजारी माणसाचा कागद वाचून घ्यायला येतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या पूनम सागरमधल्या दुकानात एक अशी वस्तू आली की तिने माझे दोन महिने घेतले. त्या दोन महिन्यांत जे शिकलो ते आज लिहितो. माझे शिक्षण उर्दू शाळेतले, त्यामुळे मराठीत कुठे चूक झाली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

शेजारच्या इमारतीतल्या एक खाला दुपारी गिऱ्हाईक नसताना आल्या. जुन्या चादरीत गुंडाळलेले काहीतरी लांब त्यांनी काउंटरवर ठेवले आणि दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "भाईजान, हे बघा जरा काय आहे. माळ्यावर होतं. पोरगा म्हणतो तलवार आहे, घरात ठेवायची नाही, रात्री खाडीत टाकून येतो. भंगारवाला साठ रुपये म्हणाला. मी म्हटलं थांब, आधी दुकानात विचारते."

पोराची भीती अगदीच वेडगळ नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये मीरा रोडला जो तणाव झाला तो आपल्याला आठवतो. त्यानंतर माळ्यावर तलवारीसारखे काही सापडले तर घरातल्या माणसाच्या पोटात गोळा येणारच. पण दुसऱ्या बाजूने पाहा. भीतीपोटी अशी वस्तू खाडीत गेली किंवा साठ रुपयांत भंगारात गेली, तर घराण्याची एक खूण कायमची गेली. म्हणून ही वस्तू शस्त्र आहे की अवजार, हा प्रश्न नुसत्या हौसेचा नव्हता. त्यावर एका आईचे आणि मुलाचे भांडण चालू होते.

चादर उघडली. आत काळपट, गंजलेली लोखंडी पट्टी होती. मूठ नाही, टोक नाही, धार नाही. एका बाजूला थोडी रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळती. रुंद बाजूला एक भोक आणि भोकात सुकलेल्या कातडी वादीचा तुकडा. पट्टीच्या लांबीने तीन बारीक पन्हळी गेलेल्या. आणि त्या पन्हळींना आडव्या, अंतराअंतरावर कोरलेल्या रेघा.

पहिली चूक माझी

इथे मी जी चूक केली ती आधी सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. खाला गेल्यावर मी शेजारच्या हार्डवेअरवाल्याकडून पॉलिश पेपर आणला आणि रुंद बाजू घासायला लागलो. गंज निघाला, खालचे लोखंड चमकले, मला बरे वाटले. चार बोटे घासल्यावर उजेडात धरले तर तिथे काहीतरी कोरलेले असावे असा संशय आला. निरखून पाहिले. तीन नुक्ते शिल्लक होते. बाकी अक्षर माझ्याच हाताने पुसले गेले होते. उर्दू वाचणाऱ्याला तीन नुक्त्यांचा अर्थ कळतो: शीन असेल, पे असेल, चे असेल. नाव होते की गाव होते की सन होता, ते आता कोणी सांगू शकणार नाही.

तेव्हा पहिला धडा हा, की जुने लोखंड घासू नये. चिंच लावू नये, लिंबू लावू नये, ॲसिडमध्ये तर मुळीच बुडवू नये. तांब्यापितळेची भांडी चिंचेने लख्ख करायची आपल्या घरांतली सवय इथे घातक आहे. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडावी, सुती कपड्याने पुसावी, ओल लागू देऊ नये, बस. वरचा काळा थर हा मळ नसतो. वस्तूचे वय त्या थरात असते, आणि अक्षर असेल तर तेही त्याच्या आडोशाने टिकलेले असते.

ज्याला जे दिसते ते

मग मी चार जाणत्या लोकांना विचारले, आणि चार उत्तरे मिळाली. एकाने सांगितले की ही विळीची पाती असावी, पाटाला ठोकायची. दुसरा म्हणाला, दाराची अडसर. भिवंडीला माझे जुने घेणेदेणे आहे, तिथल्या एका मोमीन बुजुर्गांना फोटो दाखवला. त्यांचे सारे आयुष्य मागावर गेले. त्यांनी आधी विचारले, "मागाची तर नाही?" मग स्वतःच मान हलवली. आडव्या बान्याचा धागा ठोकून घट्ट बसवायला मागाला फणी असते, अशी लोखंडी पट्टी त्यांनी कधी वापरलेली नव्हती.

त्यांचा संशय मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. बाना ठोकायला लांब पट्टी वापरण्याची रीत जगात फार जुनी आहे. इंग्लंडच्या केंट भागात सहाव्या शतकातल्या श्रीमंत स्त्रियांच्या कबरींत विणकामाच्या लोखंडी पट्ट्या मिळाल्या आहेत, आणि त्यातल्या काही तलवारीच्या पात्यापासून केलेल्या असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. तलवारीचे पाते कापडाच्या कामाला लागणे ही काही माझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट नाही. पण ठोकायच्या पट्टीवर मापाच्या रेघा कशाला असतील?

चौथा माणूस लोहार. काशीमिऱ्याच्या बाजूला गाड्यांचे पाटे करतो. त्याने पट्टी दोन बोटांवर तोलली, नखाने टिचकी मारली, आवाज ऐकला. म्हणाला, "सेठ, हे नरम लोखंड नाही, पोलाद आहे. आणि हे पट्टी म्हणून घडवलेलंच नाही. पट्टी करायची असती तर दोन्हीकडे सारखी रुंद केली असती." शिकलेल्या तिघांपेक्षा हा माणूस जास्त जवळ पोहोचला, कारण त्याने वस्तू हातात घेतली. आधी काय असेल ते ठरवून मग तो बघायला बसला नाही.

कोणते काम आधी, कोणते नंतर

लोहाराच्या बोलण्यावरून मी एक रीत धरली. वस्तूवर जेवढ्या खुणा आहेत त्यातली कोणती आधी झाली आणि कोणती नंतर, हे लावत जायचे. आपण तागा बघतो तेव्हाही हेच करतो. रंग आधी की छपाई आधी, शिवण आधी की डाग आधी, त्यावरून माल कुठल्या हातातून गेला ते कळते.

पट्टीवरच्या आडव्या रेघा पन्हळींच्या आतून जातात. म्हणजे पन्हळी आधीच्या, रेघा नंतरच्या. तिन्ही पन्हळी निमुळत्या बाजूकडे उथळ होत संपतात, पण रुंद बाजूला सुरीने पाव कापावा तशा अचानक तुटतात. म्हणजे वस्तू तिथे पुढे चालू होती आणि कोणीतरी ती कापली. भोक त्या कापलेल्या कडेजवळ, म्हणजे तेही नंतरचे. दोन्ही कडा सपाट घासलेल्या, पण एक कड जाड आणि एक पातळ. जाड ती पाठ, पातळ ती पूर्वीची धार.

आता प्रश्न राहतो की कोणी एवढी मेहनत करून मोजपट्टीत तीन पन्हळी कशाला पाडील? मोजपट्टीला त्यांचा काही उपयोग नाही. तलवारीला आहे. पन्हळीमुळे पाते हलके होते आणि तरी ताठ राहते. लोखंडी तुळईचा आकार आठवा, तेच गणित. म्हणजे ही वस्तू दोनदा जन्मली: एकदा पाते म्हणून, एकदा दुसऱ्या कामासाठी.

आणखी एक गोष्ट. पट्टी सरळ आहे, रेषेसारखी. आपण जिला तलवार म्हणतो ती बहुधा वाकडी असते. वाकडे पाते सरळ करून मोजपट्टी करणे हा नसता उद्योग. तेव्हा मूळ पाते सरळ असणार. दख्खनमध्ये सरळ पात्याची दोन घराणी प्रसिद्ध: एक आपला खांडा आणि दुसरी फिरंग. खांडा दुधारी असतो. आमच्या पट्टीला एक पाठ आणि एक धार होती. राहिली फिरंग.

पाते हा सुद्धा माल होता

इथे व्यापाऱ्याच्या कामाची गोष्ट येते. फिरंग म्हणजे फिरंग्यांच्या देशातून आलेले पाते. फारसी-उर्दूत फरंग म्हणजे युरोप. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीज आणि त्यांच्यामागून आलेले इतर युरोपीय व्यापारी पश्चिम किनाऱ्यावर जी जिन्नस उतरवत त्यात तलवारीची पातीही असत. जर्मनीतले झोलिंगेन, इटलीतले जिनोआ, स्पेनमधले तोलेदो ही त्या कारागिरीची नावाजलेली गावे. इथे आल्यावर पात्याला देशी मूठ बसवायची. आज आपण चीनहून झिपर मागवतो आणि पर्स इथे शिवतो, तोच प्रकार.

झोलिंगेनची पाती धावत्या लांडग्याच्या खुणेसाठी ओळखली जात. पण खुणेवर भाळू नये. नाव चालते म्हटल्यावर दुसऱ्याने ते मारायचे, हा उद्योग तेव्हाही होता. युरोपातल्या एका गावची खूण दुसऱ्या गावाने उचलली, आणि आपल्याकडच्या कारागिरांनीही परदेशी खुणांच्या नकला केल्या. ब्रँडेड शर्टचे लेबल जसे मीटरवर मिळते तसेच.

मराठी मुलखात या पात्यांची किती कदर होती याचा पुरावा नुकताच आपल्यासमोर आला. नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावघरात निघाली आणि महाराष्ट्र सरकारने ती सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली. ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आली. त्या तलवारीचे पाते युरोपी बनावटीचे, सरळ आणि एकधारी आहे, आणि पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचे नाव, सेनासाहिबसुभा हा किताब आणि शेवटी 'फिरंग' हा शब्द आहे. ज्याची तलवार त्यानेच जात लिहून ठेवली! वाचकांनी त्यातून एक घ्यावे: जुन्या पात्यावर मजकूर शोधायचा असेल तर फक्त रुंद बाजू पाहू नका, पाठसुद्धा पाहा. मी पाहिली. आमच्या पट्टीच्या पाठीवर काही नव्हते.

असे महाग पाते मोडले तर फेकले जात नसे. दक्षिणेत आणि मराठी सरदारांकडे सतराव्या शतकातल्या अनेक कट्यारी अशा आहेत की मुठीचे काम इथले आणि पाते एखाद्या युरोपी तलवारीचा कापलेला तुकडा. तंजावरच्या मराठा राजांच्या शस्त्रागारात अशा कट्यारी पुष्कळ होत्या. १८५५ मध्ये ते राज्य खालसा झाल्यावर तिथली शस्त्रे मद्रासला गेली, काही तिथल्या सरकारी संग्रहालयात राहिली आणि बरीचशी मोडीत निघाली. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. घरात पडलेले पाते आता ठेवता येत नाही, फेकवत नाही, आणि पोलाद तर चांगले. अशा वेळी माणूस काय करील? लोहाराकडे नेईल आणि कामाची वस्तू करून घेईल.

पोलादाबद्दल एक शब्द. उत्तम देशी पोलादाच्या अंगावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असते, तिला जौहर म्हणतात. कोणी आपले 'जौहर दाखवले' असे आपण म्हणतो, तो शब्द तलवारीलाही लागतो आणि माणसालाही. तेलंगणातल्या निजामाबादकडचे कोनासमुद्रम गाव अशा पोलादासाठी प्रसिद्ध होते आणि इराणचे व्यापारी ते न्यायला तिथवर येत. आमच्या पट्टीच्या ज्या भागावर मी पॉलिश पेपर चालवला तिथे लहरी दिसल्या नाहीत. युरोपी पात्यात त्या नसतातच, त्यामुळे हेही फिरंगच्या बाजूचेच झाले.

टेप लावल्यावर

एवढे झाले तरी ती पट्टी कशासाठी केली ते कळले नव्हते. आणि उत्तर माझ्या काउंटरवर पडले होते. शिंप्याचा टेप.

एका संध्याकाळी सहज टेप लावला. पहिल्या रेघेपासून नवव्या रेघेपर्यंत, म्हणजे आठ घरांचे, बरोबर ९ इंच भरले. म्हणजे एक घर एक इंच आणि एक सूत. अशी घरे मोजली तर २४. एकूण लांबी २७ इंच. सहावी, बारावी आणि अठरावी रेघ जिथे, तिथे पितळेचे बारीक खिळे ठोकलेले. सोळाव्या रेघेवर फुली.

मी खुर्चीवर बसून राहिलो. माझ्या वालिदांनी मला लहानपणी हा हिशेब तोंडपाठ करून घेतला होता, आणि चाळीस वर्षांत तो कधी लागला नव्हता: सोळा तसूंचा हात, चोवीस तसूंचा गज. हा जुना मुंबईचा गज. यात तसू १ इंच १ सूत, हात १८ इंच, गज २७ इंच. पितळी खिळे म्हणजे पाव गज, अर्धा गज, पाऊण गज. फुली म्हणजे हात. 'तसूभरही हलणार नाही' असे मराठीत आजही म्हणतात, ती तसू ही!

ज्यांना वाटते की गज म्हणजे ३६ इंच, त्यांचेही चूक नाही. गज एक नव्हताच. अकबर बादशहाचा इलाही गज ४१ अंगुळांचा होता, आणि इंग्रजांनी तो उत्तरेत १८२५ मध्ये ३३ इंच धरला. बंगालचा गज ३६ इंच म्हणजे इंग्रजी वाराएवढा. उर्दू शाळेत आम्ही शिकलो तो सोळा गिरहांचा गज हाच, गिरह सव्वादोन इंचाची. गुजरातेत सुतार-गवंड्यांचा गज २४ इंचांचा असतो आणि त्याचेही २४ तसू करतात. म्हणून नुसती घरे मोजून भागत नाही. चोवीस घरे आहेत म्हणून कापडाचा गज म्हटले आणि लांबी २४ इंच निघाली, तर ती वस्तू सुताराची. आमच्या पट्टीत घरे चोवीस आणि लांबी २७ इंच, दोन्ही जुळले. एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली: दोन तसू म्हणजे बरोबर एक गिरह. दोन निराळ्या मापांचा माल एका पट्टीवर मोजता येत असे.

लांबीनेही साक्ष दिली. फिरंगचे पाते साधारण तीन फुटांच्या आसपास असते. मुठीत बसणारा भाग आणि टोक कापून टाकले की २७ इंच सहज मिळतात, ३६ मिळणार नाहीत. पोलाद लाकडासारखे वाळून आखडत नाही, दमट हवेत फुगत नाही, कडेने झिजत नाही. कोकणात पाठीवर कापडाचे गाठोडे घेऊन पावसापाण्यातून फिरणाऱ्याला यापेक्षा चांगला गज मिळाला नसता. भोकात वादी कशाला, तेही यावरून कळते: खांद्याला किंवा गाठोड्याला अडकवायला.

खालांना बोलावून विचारले, घरात कापडाचा धंदा कोणाचा होता? त्या म्हणाल्या, "सासऱ्यांचे वडील श्रीवर्धन-म्हसळ्याच्या गावांतून कापड घेऊन फिरायचे असं ऐकलंय. सासऱ्यांनी दुकान नाही केलं, ते बोटीवर गेले. सासूबाई याच पट्टीने गाद्या झोडायच्या. आम्ही तिला झोडणीच म्हणायचो." वस्तूने तिसरा जन्मही घेतला होता तर.

कायद्याचे तीन मुद्दे

आता पोराच्या भीतीकडे येऊ. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत तलवार, खंजीर वगैरेंबरोबर ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे येतात. घरकाम, शेती, शास्त्र आणि उद्योग यांसाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. धार आणि टोक घासून टाकलेला, मापाच्या खुणा असलेला गज हे अवजार आहे, हे मी पोराला पट्टीवर बोट ठेवून दाखवले. तरीही कागदावरचा अर्थ आणि रस्त्यावरचा अर्थ एक नसतो. पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागलेले असताना लांब लोखंडी वस्तू घेऊन रिक्षात बसणे शहाणपणाचे नाही. जाणकाराला दाखवायचे असेल तर आधी फोटो न्यावा: दोन्ही बाजू, पाठ, दोन्ही टोके, आणि प्रत्येक फोटोत शेजारी टेप ठेवलेला. नव्वद टक्के काम फोटोवर होते. आणि तुमच्या घरात जे निघेल त्याला खरोखर धार, टोक आणि मूठ असेल, तर लपवू नका आणि फेकूही नका. वकिलाला विचारून रीतसर पोलिसांना कळवा.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू परदेशी पाठवायची खासगी माणसाला मनाई आहे, आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. तेव्हा दुबईच्या गिऱ्हाईकाला कुरिअर करून टाकू, असे कोणी सुचवले तर ते सुचवणे गुन्ह्याचे आहे.

तिसरा १८७८ चा निखात निधीचा. पायाच्या खोदकामात, विहिरीत वगैरे जमिनीत पुरलेले काही सापडले आणि त्याची किंमत १० रुपयांहून जास्त असेल, तर कलेक्टरला कळवावे लागते. माळ्यावरच्या पिढीजात वस्तूला तो लागत नाही. पण बिल्डिंग लाइनचे आपले बरेच भाऊ आहेत, त्यांनी तो माहीत करून घ्यावा.

दलाल आला

गोष्ट बाहेर फुटल्यावर एक गृहस्थ दुकानात आले. कपडे चांगले, बोलणे गोड. म्हणाले, ही शिवकालीन तलवार आहे, आमची पार्टी दोन लाख देईल, फक्त तपासणीची फी पंधरा हजार आधी भरा. मी विचारले, कशावरून शिवकालीन? म्हणाले, आमच्या तज्ज्ञाने फोटोवरून ओळखले. फोटो मी त्यांना दिलेलाच नव्हता.

हा सापळा जुना आहे. तांब्याचा तांब्या दाखवून तो तांदूळ ओढतो, त्यात इरिडियम आहे, परदेशातून कोट्यवधी मिळतील असे सांगणारा 'राइस पुलर'चा धंदा याच जातीचा. त्यात चांगले शिकलेले लोक बुडाले आहेत. ओळखायची खूण एकच: विकत घेणारा तुमच्याकडून आधी पैसे मागतो. आपल्या कुठल्या धंद्यात गिऱ्हाईक माल पाहायला दुकानदाराकडून फी घेतो?

आणि मोठ्या माणसाचे नाव लावण्याबद्दल. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्यात प्रदर्शनासाठी आली. ती ग्रँट डफकडून तिकडे गेलेली, पेटीवर मजकूर कोरलेला, एवढा मागोवा असूनसुद्धा ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच होती याची खात्री करता आलेली नाही, असे त्या संग्रहालयाने स्वतः म्हटले आहे. वस्तू एक असते आणि वस्तूबद्दलची हकीकत दुसरी. दोन्हींना जोडणारा कागद लागतो. आमच्या पट्टीला कागद नाही. तिच्याबद्दल एवढेच म्हणता येते की हा मुंबईचा कापडाचा गज आहे, सरळ एकधारी पात्यापासून केलेला. ते पाते कोणी बांधले होते, याबद्दल मी बोलणार नाही. दलालाला मी चहा पाजला आणि रवाना केले.

ज्यांच्या घरी असे काही आहे त्यांनी एकदा पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहून यावे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या. लोक ज्यांना भंगार म्हणत त्या वस्तू काचेमागे पाहिल्या की आपल्या माळ्याकडे बघण्याची नजर बदलते.

खालांना मी एक चिठ्ठी लिहून दिली: वस्तू काय, लांबी किती, घरे किती, कोणाच्या घरातून आली, श्रीवर्धनचा उल्लेख, आणि तीन नुक्ते कुठे आहेत ते. शेवटी माझ्या हातून अक्षर पुसले गेले हेही लिहिले, नाहीतर पुढच्या माणसाला वाटेल की ती जागा आधीपासूनच कोरी होती. मुलगाही आला होता. त्याने पट्टी उचलून पाहिली, धारेच्या बाजूने बोट फिरवले. खाडीचा विषय त्याने काढला नाही. त्याने विचारले, "चाचा, यावर आता माल विकता येईल का?"

नाही म्हटले. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, आणि आज दुकानात सरकारी छाप मारलेला मीटरच चालतो. वैधमापन खात्याचा माणूस गज पाहील तर दंड मलाच होईल. पण बघायला काय हरकत आहे, म्हणून काउंटरवर माझ्या पोलादी मीटरशेजारी तो गज ठेवला. एक गज संपला तिथे खडूने खूण केली आणि पट्टी पुढे सरकवली. अकराव्या तसूवर मीटर संपला. रेघेला रेघ लागली. चोवीस आणि अकरा, पस्तीस. एक मीटर म्हणजे पस्तीस तसू, फरक केसाएवढासुद्धा नाही. वालिदांच्या वेळी ही गोष्ट कोणी सांगितली असती, तर नव्या मापाच्या त्या दिवसांत त्यांचे किती हिशेब सोपे झाले असते. मुलाने पुन्हा एकदा मोजून घेतले, आणि मग पट्टी त्याच चादरीत गुंडाळून घरी नेली.